‘बंद’ ह्या शब्दाचे दोन अर्थ : यंत्रवाचकासाठी लिहिलेल्या एका दस्तऐवजाचे परीक्षण

उपकरणांच्या माहितीपुस्तिकेला समीक्षेचा विषय करावे काय, असा प्रश्न आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हा लेख वाचण्यापूर्वीच उपस्थित केला. त्यांच्या शंकेचा आदर राखून इतकेच म्हणावयाचे आहे की, ज्या गद्याच्या वाचनाने एखादी कृती प्रत्यक्ष घडते आणि ज्यातील एका शब्दाच्या संदिग्धतेने दीडदोनशे घरांचा संपर्क तुटतो, ते गद्य भाषाभ्यासकाने न वाचता सोडावे, ह्याला कारण दिसत नाही. आपल्याकडे विधिवाक्यांची चिकित्सा हा शास्त्राचा विषय शतकानुशतके होताच. यज्ञातील एका पदाचा अर्थ लावण्यासाठी मीमांसकांनी जितके श्रम घेतले, तितके नव्हे तरी त्यांचा काही अंश प्रस्तुत प्रकारच्या लेखनासाठी खर्च करण्यास हरकत नसावी.

परीक्षणासाठी घेतलेला दस्तऐवज छापलेला नाही. माझा एक माजी विद्यार्थी वरळी-परळ भागात घरोघर इंटरनेट पुरविणाऱ्या एका लहानशा व्यवसायात काम करतो. राउटर, स्विच इत्यादी उपकरणांची देखभाल करण्यासाठी तेथे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा एक एजंट वापरात आणला गेला. एजंट म्हणजे दिलेले काम समजून घेऊन, त्यासाठी उपलब्ध साधनांपैकी योग्य ते निवडून, ते स्वतः चालविणारे लँग्वेज मॉडेल. ही साधने त्यास कळावीत कशी, तर त्यांचे वर्णन लिहून. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ह्या नावाचा जो संकेत अँथ्रॉपिक ह्या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला, त्यात प्रत्येक साधनाला एक नाव, साध्या भाषेतील एक वर्णन आणि त्यास कोणती माहिती पुरवावी ह्याचा एक आराखडा असतो. एजंट उपकरण पाहत नाही, शिडीवर चढत नाही, तारेला हात लावत नाही. तो हे वर्णन वाचतो आणि त्यावर विसंबून कृती करतो. दस्तऐवज हाच त्याचा डोळा आणि हाच त्याचा हात. पूर्वीच्या माहितीपुस्तिका लोक अडल्यावर उघडीत. ही पुस्तिका प्रत्येक कामाआधी पहिल्या पानापासून वाचली जाते, हा भेद मोठा आहे.

ज्या जागी हे जाळे पसरले आहे तिचा परिचय येथे अवश्य हवा. वरळीची बीडीडी चाळ म्हणजे एक चाळ नव्हे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात उभारलेल्या १२१ चाळींचा तो समूह होता. नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील चाळी धरल्यास हा आकडा २०७ होतो. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीमागे ऐंशी बिऱ्हाडे. खोली १६० चौरस फुटांची. मध्ये लांबच लांब सामायिक व्हरांडा. पुनर्विकासाचे काम म्हाडाकडे आले, जुन्या इमारती टप्प्याटप्प्याने रिकाम्या करून पाडल्या जाऊ लागल्या, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना उंच मनोऱ्यांतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. अर्थात काही काळ असा गेला, की एका बाजूस माणसे नांदत होती, दुसऱ्या बाजूस रिकाम्या खोल्यांच्या चौकटी काढल्या जात होत्या, आणि दोहोंना जोडणाऱ्या तारा त्याच व्हरांड्यांच्या छताला लोंबत होत्या. प्रस्तुत लेखकाचे बालपण ह्याच चाळींत गेले असल्यामुळे वर्णनात थोडा पक्षपात डोकावल्यास वाचकांनी तो समजून घ्यावा.

घटना अशी. एका संध्याकाळी चाळीतील एका मजल्यावरून तक्रार आली. दुरुस्तीस नेमलेल्या मुलाने एजंटला लिहिले, “दुसऱ्या मजल्यावरचं नेट बंद आहे, बघ ना जरा.” एजंटने त्या मजल्यावरील स्विचची स्थिती विचारली. साधनाने उत्तर दिले की अमुक क्रमांकाचे द्वार बंद आहे. एजंटने दुसरे साधन वापरून ते द्वार उघडले. परंतु ते द्वार कोणी तरी हेतुपुरस्सर बंद ठेवले होते. शेजारच्या रिकाम्या होत असलेल्या चाळीतून येणारी एक जुनी तार तेथे जोडलेली होती, आणि तीच तार दुसऱ्या बाजूने फिरून त्याच जाळ्याला मिळत होती. द्वार उघडताच वर्तुळ पूर्ण झाले. स्वस्त स्विचमध्ये असे वर्तुळ ओळखून तोडणारी स्पॅनिंग ट्री ही योजना बहुधा नसते. त्यामुळे एकच संदेश त्या वर्तुळात अखंड फिरत राहिला, त्याच्या प्रती वाढत गेल्या, आणि एका मजल्याची तक्रार होती तेथे दोन चाळी अंधारात गेल्या. मूळ तक्रारीचे कारण मात्र एका खोलीतील सैल झालेली खुंटी एवढेच होते.

विद्यार्थ्याने हे सांगताना शेवटी म्हटले, “सर, मशीनने चूक केली असं सगळे म्हणतात. पण मी डॉक्युमेंट परत वाचलं, तर मीही तेच केलं असतं.” ह्या वाक्यामुळे मी तो दस्तऐवज मागून घेतला.

वाचताच जो दोष दिसला तो ‘बंद’ ह्या एका शब्दाचा. मराठी बोलणारा माणूस ‘लाईट गेली’ आणि ‘लाईट बंद केली’ ह्यांत कधीही घोटाळा करीत नाही. पाणी ‘जाते’, नळ ‘बंद करतात’, गिरणी ‘बंद पडते’ आणि गिरणी ‘बंद ठेवतात’. ह्या शेवटच्या दोहोंतील अंतर परळ-लालबागच्या एका संपूर्ण पिढीने १९८२ नंतर स्वतःच्या संसारावर अनुभवले आहे. एकाच विशेषणाला ‘पडणे’, ‘करणे’, ‘ठेवणे’ आणि ‘असणे’ ही क्रियापदे जोडून आपली भाषा घटना, कृती, हेतुपूर्वक टिकविलेली अवस्था आणि नुसती अवस्था असे चार अर्थ स्वच्छ वेगळे करते. ‘आहे’ म्हटले की कर्ता लुप्त होतो. ‘द्वार बंद आहे’ ह्या वाक्यात ते पडले की ठेवले, हे सांगण्याची सोयच उरत नाही, आणि दस्तऐवजाने नेमके तेच वाक्य निवडले होते.

ही निवड उपकरणांनी लादलेली होती असेही नव्हे. सिस्को कंपनीच्या उपकरणांत जे द्वार प्रशासकाने बंद केले त्यापुढे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ असे उमटते, आणि जे आपसूक पडले त्यापुढे नुसते ‘डाउन’. जाळ्यांच्या देखरेखीसाठी ठरलेल्या एमआयबी-२ ह्या १९९१ च्या प्रमाणपत्रात प्रत्येक द्वाराच्या दोन स्थिती स्वतंत्र नोंदविल्या जातात, एक इच्छित व एक प्रत्यक्ष. म्हणजे ‘ठेवणे’ आणि ‘पडणे’ ह्यांतील भेद उपकरणांच्या शास्त्राला निदान तीन दशके ठाऊक होता. विद्यार्थ्याच्या दस्तऐवजाने दोन्ही रकाने एकत्र करून त्यांची एकच ‘स्थिती’ केली. असे का केले म्हणून विचारता, उत्तर सुटसुटीत व्हावे म्हणून, असे कळले. वैयाकरणांना अर्ध्या मात्रेच्या बचतीने पुत्रजन्माचा आनंद होतो अशी जी ख्याती आहे, तीत एक अट गृहीत असते. वगळलेले पद पूर्वसूत्रातून अनुवृत्तीने परत मिळाले पाहिजे. येथे वगळलेले पद कोठूनही परत मिळत नव्हते, त्यामुळे ह्यास लाघव म्हणता येत नाही. तो लोप होय.

आश्चर्य असे की, जेथे काटकसर करावयाची तेथे दस्तऐवज उदार होता. साधन किती शक्तिमान आहे, किती कंपन्यांची उपकरणे त्यास चालतात, ते किती जलद आहे, ह्याची वाक्ये प्रत्येक वर्णनाच्या आरंभी होती. लौगाक्षि भास्कराच्या ‘अर्थसंग्रहा’त वेदवाक्यांचे विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद असे पाच भाग केले आहेत. ही वाक्ये निखळ अर्थवाद होत. मीमांसकांच्या मते अर्थवाद स्वतः काही सांगत नाही. विधीची प्रशंसा करून श्रोत्यास त्याकडे प्रवृत्त करतो. मानवी ग्राहकापुढे अशा प्रशंसेचा परिणाम एखाद्या स्मितहास्यापलीकडे जात नाही. एजंटपुढे मात्र ती सर्वस्वी निरुपद्रवी राहत नाही. दोन साधनांपैकी कोणते निवडावे ह्याचा निर्णय तो वर्णनाच्या शब्दांवरून करतो, म्हणून प्रशंसा तेथे प्रत्यक्ष प्रवर्तक ठरते. अन् निषेध? सबंध दस्तऐवजात ‘हे केव्हा करू नये’ असे सांगणारे एकही वाक्य मला आढळले नाही.

आता ‘बघ’ ह्या क्रियापदाकडे वळू. दुरुस्तीच्या मुलाने ‘बघ ना जरा’ असे लिहिले. व्याकरणदृष्ट्या हा ‘बघणे’ ह्या धातूचा आज्ञार्थ, आणि त्यातून अवलोकनाखेरीज कोणतीही कृती निष्पन्न होत नाही. व्यवहारात मात्र ‘दूध उतू जातंय, बघ’ असे आईने म्हटल्यावर जो मुलगा शेगडीपाशी जाऊन नुसता पाहत उभा राहील, त्याची काय गत होईल हे सांगावयास नको. उलट ‘ताप किती आहे बघ’ ह्यात औषध देण्याची अनुज्ञा नाही. धातू एक, रूप एक, अर्थ दोन. आणि निवाडा प्रसंगावर. एजंटने पहिला अर्थ घेतला. त्यास चुकीचे म्हणवत नाही, कारण मुलाच्या मनातही बहुधा तोच होता. जे.एल. ऑस्टिन ह्यांची १९५५ ची हार्वर्ड येथील व्याख्याने १९६२ साली ग्रंथरूप झाली. तेव्हापासून उक्ती हीच कृती असते हे भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे. परंतु तेथे उक्तीने कृती घडविणारा मनुष्य होता आणि ती सिद्धीस जाण्यास दुसऱ्या मनुष्याची संमती लागे. येथे मधला दुवा गळला आहे.

म्हणूनच पाहणाऱ्या आणि बदलणाऱ्या साधनांतील भेद दस्तऐवजातच बांधून ठेवण्याची आवश्यकता पडते. नॅपाम ह्या खुल्या प्रणालीत हा विवेक नावांतच दिसतो. जी साधने केवळ माहिती आणतात त्यांच्या आरंभी ‘गेट’ हे पद आहे. बदल करावयाचा झाल्यास तो आधी केवळ मांडला जातो, मग ‘कम्पेअर’ने जुन्याशी ताडून पाहता येतो, आणि ‘कमिट’ म्हटल्याविना लागू होत नाही. मांडण्याच्याही दोन रीती आहेत. ‘मर्ज’ म्हणजे असलेल्यात भर घालणे, ‘रिप्लेस’ म्हणजे असलेले काढून त्याजागी नवे बसविणे. दुसऱ्या रीतीत ज्याचा उल्लेख केला नाही ते सर्व नाहीसे होते. मौनाला इतका भयंकर अर्थ देणारे क्रियापद मराठीत मला आठवत नाही. ‘यादीत नाव नाही म्हणून घर गेले’ हा पुनर्विकासातला प्रकारच काय तो त्याच्या जवळचा. नेटकॉन्फ ह्या २०११ च्या प्रमाणपत्रात आणखी एक सुरेख सोय आहे. बदल तात्पुरता लागू करावयाचा, आणि ठराविक मुदतीत, म्हणजे अन्यथा न सांगितल्यास ६०० सेकंदांत, दुजोरा मिळाला नाही तर उपकरण आपण होऊन पूर्वस्थितीला जाते. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणाऱ्यासाठी ह्याहून दयाळू तरतूद कल्पिणे कठीण.

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत साधनांना चार खुणा लावण्याची तरतूद झाली : साधन केवळ वाचणारे आहे काय, ते काही नष्ट करू शकते काय, तेच पुन्हा केल्यास परिणाम तोच राहतो काय, आणि त्याचा संबंध बाहेरच्या जगाशी येतो काय. तिसरी खूण भाषाभ्यासकास विशेष रुचावी. ‘दार लावलेले असू दे’ ही आज्ञा दहा वेळा पाळली तरी परिणाम एकच. ‘कडी फिरव’ ही दोनदा पाळली की दार उघडते. पहिली अवस्था सांगते, दुसरी क्रिया. ह्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, खूण लावलीच नाही तर साधन बदल करणारे आणि नाश करू शकणारे मानावे, असा संकेत आहे. मौनाचा अर्थ येथे धोका असा लावला आहे, आणि तो योग्यच होय. तथापि ह्या खुणा म्हणजे केवळ सूचना आहेत, त्या विश्वासू स्रोताकडून आलेल्या नसतील तर त्यांवर विसंबू नये, असेही तेच प्रमाणपत्र बजावते. विद्यार्थ्याच्या दस्तऐवजात एकही खूण नव्हती. त्याहून वाईट असे की, पाहणाऱ्या एका साधनाच्या वर्णनात ‘तपासून दुरुस्त करते’ असे शब्द होते. ते साधन दुरुस्त काहीच करीत नसे.

हा दस्तऐवज मराठीत लिहावा असा विद्यार्थ्याचा एक बेत होता, कारण काम करणारी मुले मराठी-हिंदीतच लिहितात. बेत स्तुत्य, पण एक अडचण तेव्हाच ध्यानात आली. इंटरनेटच्या प्रमाणपत्रांत १९९७ पासून ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ ह्या पदांना ठराविक बळ दिलेले आहे, आणि २०१७ च्या स्पष्टीकरणानुसार ते बळ पदे मोठ्या लिपीत असतील तेव्हाच लागू होते. देवनागरीस मोठी लिपी नाही. शिवाय आपला विध्यर्थ फसवा आहे. ‘अर्ज दोन प्रतींत भरावा’ ह्यात सक्ती आहे, ‘सकाळी फिरावयास जावे’ ह्यात उपदेश, ‘त्याने यावे आणि मी नसावे’ ह्यात तर नुसता योगायोग. मोरो केशव दामले ह्यांनी १९११ च्या आपल्या व्याकरणात रूपांची व्यवस्था लावून दिली असली, तरी बळाची प्रतवारी ‘-वे’ ह्या प्रत्ययात नाही ती नाहीच. तेव्हा यंत्रवाचकासाठीच्या मराठीतून विध्यर्थ हद्दपार करावा आणि ‘केलेच पाहिजे’, ‘करणे इष्ट’, ‘करण्यास मुभा आहे’ ही तीन रूपे पारिभाषिक म्हणून आरंभीच बांधून घ्यावीत, असे माझे मत झाले. (हे वाक्य मी विध्यर्थातच लिहिले, हे चतुर वाचकांच्या नजरेतून सुटणार नाही.)

आणखी एक धोका अर्थाचा नसून अवतरणाचा आहे. द्वारांना वर्णनाची एक पट्टी जोडता येते. तीत तंत्रज्ञ मनास येईल ते लिहितात : ‘जुनी तार’, ‘हात लावू नये’, ‘विचारून उघड’. एजंट ही पट्टी वाचतो तेव्हा ती त्याच्यापुढे दस्तऐवजातील सूचनांसारखीच मजकूर म्हणून येते. कोणी दुष्टबुद्धीने त्या पट्टीत आज्ञा लिहून ठेवली तर? २०२५ साली सुरक्षा-संशोधकांनी साधनांच्या वर्णनांतच अशा आज्ञा दडवून मॉडेल कसे फसते हे दाखविले. संस्कृताला ह्यासाठी ‘इति’ आहे, मराठीला ‘असे’ आणि ‘म्हणून’. माझ्या लहानपणी तळमजल्यावरील दुकानात चाळीतला दूरध्वनी असे, आणि निरोप पोचविण्याचे काम आम्हा मुलांकडे. “आईला सांग, ताबडतोब निघ” हा निरोप पोचविणारा मुलगा स्वतः निघत नसे, कारण ते वाक्य आपणांस उद्देशून नाही, ते आपण फक्त वाहून नेत आहोत, हे त्यास न शिकविता कळे. मीमांसकांच्या भाषेत त्याच्या मुखी ते वाक्य अनुवाद होते, विधी नव्हे. दस्तऐवजाने एजंटला सांगावयास हवे होते की उपकरणांतून परत येणारा सर्व मजकूर ‘इति’च्या आतला आहे.

नामधेयाचा प्रश्न सर्वांत नाजूक. उपकरणांची नावे चाळीच्या व मजल्याच्या क्रमांकांवरून ठेवलेली होती, आणि ते स्वाभाविकही होते. वरळीत माणसाची ओळखच चाळीच्या आकड्याने होत आली. पण चाळ पाडल्यावर तिच्या नावाचे उपकरण खांबावर किंवा दुसऱ्या इमारतीत जाऊन तसेच चालू राहते. शब्द उरतो, अर्थ सरतो. जुन्या माणसास हे ठाऊक असते. एजंट ‘दुसरा मजला’ ह्या नावाचे उपकरण दुसऱ्या मजल्यावर आहे असेच समजतो. वरील घटनेतील स्विचही वास्तविक जिन्याखाली आणून बसविला होता.

ह्या सर्वांवर एक आक्षेप संभवतो. मॉडेल दिवसेंदिवस हुशार होत आहेत, ती संदिग्धता स्वतःच उलगडतील, दस्तऐवजावर इतका काथ्याकूट कशाला? वाचक कितीही कुशाग्र असला तरी जो भेद लेखकाने पुसून टाकला तो त्यास वाचता येत नाही, हे एक उत्तर. हुशार वाचकाने आधी प्रश्न विचारला असता, हे मात्र मला मान्य आहे. आणि त्या रात्री एजंटने तो विचारला नाही ही त्याची उणीव आहेच. परंतु प्रश्न विचारण्यासाठीही शंकेला कोठे तरी जागा असावी लागते. ‘बंद आहे’ ह्या वाक्यात ती जागा नव्हती.

विद्यार्थ्याने दस्तऐवज सुधारून पाठविला आहे. स्थितीचे आता दोन रकाने आहेत, ‘ठेवलेली’ आणि ‘प्रत्यक्ष’. प्रशंसेची वाक्ये गेली, खुणा लागल्या, ठेवून बंद केलेले द्वार माणसास विचारल्यावाचून उघडू नये, असा एक निषेध आला. ‘कोणी व का बंद ठेवले’ हा तिसरा रकाना त्याने केला आहे, पण तो रिकामा सोडण्यास मुभा ठेवली आहे. तो भरलाच पाहिजे असे असावे, असे मी कळविले. त्याचे म्हणणे, शिडीवर चढलेला मुलगा एका हाताने तार धरून दुसऱ्या हाताने कारणे लिहीत बसत नाही. सक्ती केली तर तो एक टिंब टाकून मोकळा होईल, आणि एजंटला टिंब हेच कारण वाटेल. ह्यावर माझ्याकडे अद्याप उत्तर नाही.